व्याह्याच्या डब्यातली पुरी

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आमच्या भागात फार मान असतो, आणि त्यानं किती खोटं बोलावं यावर कोणतंही बंधन नसतं. मी स्वतः जर्मनीला जाऊन आलो आहे, तेव्हा हे अधिकारानं सांगतो. आमच्या टोळीतले सगळे परत आल्यावर वर्षभर बोलत होते. एकानं तर जहाजाच्या कप्तानाला नांगर टाकायची सोपी रीत शिकवली होती म्हणे. फक्त एकच माणूस काही बोलला नाही. तो म्हणजे कुंभार पिंपळगावचा गोपीकिशन. गावात त्याला आता 'जर्मन शेट' म्हणतात, आणि म्हणताना हसतात.

गोपीकिशन जातीनं माहेश्वरी. धंदा आडतीचा, आणि जोडीला कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग. जिनिंग म्हणजे पत्र्याची एक शेड आणि तिच्यात दम्याच्या पेशंटासारखं खोकणारं इंजिन. आजोबा मारवाडातून आले. तिसऱ्या पिढीला तिकडचा रस्ता माहीत नव्हता, पण लग्नकार्यात रीती मात्र तिकडच्याच, आणि त्याही तिकडच्या लोकांनी केव्हाच सोडून दिलेल्या. माणूस बुटका, मऊ, सावकाश. कोणी अंगावर धावून आलं तर हा म्हणायचा, "बसा की, चहा सांगतो." त्यानं आयुष्यात कोणतीच गोष्ट घाईनं केली नाही, एक सोडून.

बाजाराच्या दिवशी कापसाच्या गाड्या लागल्या की तो प्रत्येक गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसायचा आणि तळातला कापूस मूठभर बाहेर काढून बघायचा. शेतकरी वरच्या थरात पांढराशुभ्र कापूस रचतात आणि खाली काय काय दडवतात हे त्याला ठाऊक होतं. मी शेतकरीच आहे, त्यामुळे मलाही ठाऊक होतं. घनसावंगीजवळ आमचा ऊस, थोडा कापूस. माझ्या गाडीतही तो हात खुपसायचा, आणि वर "काकासाहेब, राग मानू नका" असं म्हणायचा. मी राग मानायचो. तरी माल त्यालाच घालायचो.

अशा माणसानं एकुलत्या एका लेकीची, मनोरमाची, सगाई मात्र वरचा थर बघून केली. मुलगा जालन्याच्या जुगलकिशोर शेटचा धाकटा. जुगलकिशोर म्हणजे मोठं प्रस्थ. रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना, बंगला, मोटार, दारात दोन गुरखे. गेल्या साली ते वारले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण ते जिवंत असताना मी गप्प बसलो होतो, तेव्हा आता माझा बोलायचा हक्क झाला. मुलगा शिकलेला होता, म्हणजे शिकायला हैदराबादला गेला होता आणि परत आला होता. एवढं मोठं स्थळ आपण होऊन चालून आलं म्हटल्यावर पिंपळगावात पेढे वाटले गेले. नारळ-रुपया झाला, लग्न दिवाळीनंतर ठरलं.

आणि मग गोपीकिशनच्या लक्षात आलं की तळातला कापूस आपण बघितलाच नाही.

त्यांच्यात एक रीत आहे. लेक ज्या घरात दिली त्या घरचं अन्न तर सोडाच, पाणीसुद्धा बापाला चालत नाही. गोपीकिशनच्या आईचं, सुगनबाईचं, म्हणणं असं की सगाईचा नारळ हाती पडला की त्याच क्षणापासून चालत नाही. लेक हे दान. दान केलेल्या घरी जेवायचं म्हणजे दिलेलं माघारी घेणं. आता ज्या घरात पाण्याचा पेला उचलता येत नाही त्या घरात माणूस बसणार किती वेळ? बाप जातो, गादीच्या काठावर टेकतो, "सगळं ठीक?" "सगळं ठीक", आणि तहानलेला परत येतो. रीत मोठी उदात्त आहे, यात शंका नाही. ती कोणाच्या सोयीची आहे हे मात्र कोणी विचारत नाही.

त्यात भगवतीदेवीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कुठंतरी ऐकलं की जुगलकिशोरची थोरली सून, प्रेमबाई, वर्षानुवर्षं माहेरी दिसलेली नाही. का, ते कोणी सांगेना. हे बायकांच्या बोलण्यात आलं होतं, आणि बायकांचं बोलणं आमच्याकडं पुरावा धरत नाहीत.

त्याच सुमारास, पंचावन्न साली, एका जर्मन यंत्र कंपनीच्या मुंबईच्या एजंटानं आमच्या भागातल्या कारखानदारांना जर्मनीला न्यायचं काढलं. यंत्रं बघा, पाहुणचार घ्या, ऑर्डर द्या. जुगलकिशोर निघाले. तेलघाणीचे हुकमचंद निघाले. मी उसाचा चरक बघायच्या नावाखाली निघालो. आणि ज्याचं इंजिन गावचा लोहार हातोड्यानं दुरुस्त करायचा तो गोपीकिशनही निघाला. पिंपळगाव थक्क झालं. सुगनबाईनं समुद्र ओलांडायला मनाई केली. त्यानं परत आल्यावर घ्यायचं प्रायश्चित्त जायच्या आधीच ठरवून टाकलं. व्यापारी माणूस, माल उचलण्याआधी भाव ठरवतो.

जहाजात त्यानं मला खरं कारण सांगितलं. "काकासाहेब, त्याहिचं घर तर मला बघता येत न्हाई. मंग घरवाला तरी बघतो म्हनलं. सकाळ-संध्याकाळ एका जागी राह्यलं की मानूस कळतो. पोरगी एकदा गेली की गेली, मंग कळून काय फायदा?"

मला हसू आलं. पोरीचं सासर तपासायला जर्मनीपर्यंत जाणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. जालना त्याच्या घरापासून बैलगाडीच्या वाटेवर होतं.

पण नवे व्याही म्हणजे दोन नवरदेवच. "आप चला", "न्हाई, आप चला" करत दारात उभे राहतात आणि मागच्यांची वाट अडवतात. बोटीवर, आगगाडीत, कारखान्यांत जुगलकिशोर गोपीकिशनशी असे वागत की लोणी लाजावं. ते आपला स्वयंपाकी, बद्रीनाथ महाराज, बरोबर घेऊन आले होते. महाराज हॉटेलच्या न्हाणीघरात स्टोव्ह मांडून पुऱ्या तळायचा आणि सगळ्यांना वाढायचा, फक्त गोपीकिशनला नाही. गोपीकिशन आपल्या खोलीत आपल्या स्टोव्हवर आपली खिचडी शिजवायचा. दोन्ही खोल्यांतून धूर निघायचा आणि हॉटेलचा मालक जिन्यात उभा राहून कपाळाला हात लावायचा. मुक्काम संपत आला तरी व्याह्याच्या वरच्या थराखाली काय आहे, याचा पत्ता लागला नव्हता.

शेवटच्या शनिवार-रविवारी कारखाने बंद. तेव्हा कंपनीच्या वेबरसाहेबांनी ठरवलं की पाहुण्यांना खरी जर्मनी दाखवायची. एका मोटारीत सगळ्यांना घालायचं, जुनी लहान लहान गावं दाखवायची, रात्री एका गावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. एजंटानं सांगितलं, "फक्त एक लहान पिशवी घ्या. सगळी व्यवस्था आहे." सगळी व्यवस्था आहे, या वाक्यावर आमच्या देशात कोणी विश्वास ठेवत नाही. पण परदेशात माणूस भोळा होतो. गोपीकिशननं स्टोव्ह आणि शिधा हॉटेलातच ठेवला. जुगलकिशोरनं महाराजाला मागं ठेवलं, पण पहाटे दुधात मळलेल्या पुऱ्यांनी भरलेला हा एवढा पितळी डबा आणि पाण्याची फिरकीची सुरई मांडीवर घेतली.

पहिलं गाव आलं. नाव असं की उच्चारायचं तर घसा खाकरावा लागे. गावाला तट, तटाला वेस, वेशीला दार. दार होतं, एवढाच आमच्या गावांपेक्षा फरक. आत दगडगोट्यांचे रस्ते, काळ्या लाकडांच्या चौकटीत बसवलेली पांढरी घरं, त्यातली निम्मी शेजारच्या घरावर रेललेली. खिडक्याखिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या. वेबरसाहेब छाती फुगवून म्हणाले, हे गाव पाचशे वर्षांत बदललेलं नाही. मी म्हटलं, आमचंही नाही, पण बघायला कोणी येत नाही. एजंटानं याचं भाषांतर केलं नाही. एक गल्ली दहा वर्षांपूर्वी बॉम्बनं जळाली होती. ती त्यांनी नवीन बांधून काढली होती, पण अगदी जुन्यासारखी वाकडी. हुकमचंद प्रत्येक घरापुढं थांबून भाडं विचारत होते. चौकातल्या घड्याळातून बारा वाजता लाकडी बाहुले निघून टोले देतात, ते बघायला आम्ही मान वर करून ताटकळत उभे राहिलो. बाहुले निघाले, फिरले, आत गेले. जुगलकिशोर म्हणाले, "एवढंच?"

जेवायला खाणावळीत नेलं. शाकाहारी लोकांसाठी म्हणून खास बटाटे आणले. त्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे होते. एजंटानं तक्रार केली, तेव्हा वेबरसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले, "पण ते फारच लहान आहेत." पावाला चरबीचा वास, केकात अंडं. मी सगळं खाल्लं. मला कोणाची सगाई आडवी येत नव्हती.

जुगलकिशोरनं मग डबा उघडला. पुऱ्या, कैरीचं लोणचं, बेसनाच्या गट्ट्यांची सुकी भाजी. डबा सगळ्यांपुढं फिरला. गोपीकिशनपाशी आला तेव्हा जुगलकिशोरनं डबा मागं घेतला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ब्याहीजी, आपल्याला तर म्हनताबी येत न्हाई." गोपीकिशननंही हात जोडले. मग त्यानं एक पेला दूध घेतलं आणि कागदाच्या पुडीतली चेरीची फळं खाल्ली. वेबरसाहेबांनी विचारलं, हे काय चाललंय. एजंटानं समजावलं की याची मुलगी त्याच्या मुलाला दिली आहे, म्हणून हा त्याचं अन्न खाऊ शकत नाही. वेबरसाहेबांनी फार वेळ विचार केला आणि हळूच विचारलं, भांडण कशावरून झालं?

दुपारी दुसऱ्या गावात गेलो. मुक्काम तिथंच होता. तिथल्या नगरसभेच्या तळघरात जुन्या शिक्षांची हत्यारं मांडून ठेवली होती. लबाड पाववाल्याला पाण्यात बुचकळायचा पिंजरा वगैरे. त्यात एक लोखंडी मुखवटा होता, गाढवाचे कान आणि हातभर बाहेर आलेली जीभ असलेला. गावातली जी बाई फार बोलायची तिला तो घालून चौकात उभी करत. वेबरसाहेबांना ते सांगताना लाज वाटली असावी. ते म्हणाले, फार जुनी गोष्ट आहे, तीनशे वर्षांपूर्वीची. गंमत अशी की जुगलकिशोरना पूर्ण दौऱ्यात एवढी एकच वस्तू मनापासून आवडली. त्यांनी मुखवट्यावर टिचकी मारून पाहिली.

"लोखंडाचा खर्चा कशाला पर?" ते म्हणाले. व्याह्यापुढचा तो मऊ आवाज पहिल्यांदाच सुटला होता. "आमच्या थोरल्या सुनेचं सांगतो. नवी आल्ती तवा लई बोलायची. एकदा माझ्या बहिनीला उलट बोलली. म्या तिला शिवी न्हाई दिली, हात न्हाई उचलला. फकत सांगितलं, पीहर बंद. माहेरी जायचं न्हाई. दुसऱ्याच दिवशी पाय धरले तिनं. पर बंद म्हंजे बंद. बिलकुल न्हाई धाडली."

हुकमचंद म्हणाले, "असंच पाहिजे."

"मंग तिची आई बीमार पडली. न्हाई धाडली. आई गेली. तिकडून मानूस आल्ता सांगायला, आन् नेमकी त्याच दिवशी आमच्याकडं पंगत. बडे बडे लोक. म्या काय केलं, त्या मानसाला दुकानावर बसवलं, बराबर जेवू घातलं. इकडं सून पुऱ्या तळून राह्यलेली. लोक जेवले, पान खाऊन गेले, भांडी झाली, मंग सांगितलं तिला." जुगलकिशोरनं बोट वर केलं. "एक पुरी करपली न्हाई त्या दिवशी. एक! याला म्हनतात घर चालवनं."

सगळे हसले. पाहुण्यांना हसताना पाहून वेबरसाहेबही बरं वाटून हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

गोपीकिशननं फक्त विचारलं, "रडली असंल?"

"घुंगटमधी कोन बघतंय?" जुगलकिशोर म्हणाले, आणि पुढच्या पिंजऱ्याकडं वळले.

संध्याकाळी उतारशाळेत आम्हाला खोल्या दिल्या. पिसांच्या दुलया इतक्या जाड की माणूस सापडायचा नाही. जून महिना असल्यानं सूर्य मावळायचं नाव घेईना. हुकमचंद जैन, दिवस मावळला की अन्नाला शिवायचे नाहीत. तिथं आठ वाजून गेले तरी ऊन. ते डबा पुढ्यात घेऊन खिडकीशी बसले, आणि मला म्हणाले की धर्म पाळायला हा देश फार सोयीचा आहे.

गोपीकिशन चौकातल्या हौदाच्या काठावर बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. माझा संताप गेला नव्हता.

"मी बोलतो त्याला सकाळी," मी म्हटलं. "चारचौघांत बोलतो."

"काय बोलाल?" तो म्हणाला. "त्यानं काय चोरी केली काय? तुम्ही ऐकलं, मी ऐकलं, समद्यांनी ऐकलं. कुनाला काय वंगाळ वाटलं का? हुकमचंद म्हनले, असंच पाहिजे."

मग तो मनोरमाबद्दल बोलू लागला. ती फार बोलते. दुकानावर येऊन मुनीमाला भाव सांगते. आजीला उलट उत्तर देते, आजी चिडते, आणि मग दोघी एका ताटात जेवतात. मग म्हणाला, "माझी पोरगी गप्प न्हाई बसायची, काकासाहेब. पह्यल्याच महिन्यात तिचं पीहर बंद व्हईल. आन् आमच्या घरी कुनी मेलं तर पुऱ्या तळल्यावर कळंल तिला."

मला गहिवरून आलं. मला गहिवर आवडत नाही, म्हणून मी म्हटलं, "मग मोड सगाई."

मी किती सोपं बोललो होतो ते माझं मलाच लगेच कळलं. त्यांच्यात सगाई मोडायची ती मुलाकडच्यांनी. मुलीकडच्यांनी मोडली तर पंच बसतात, कारण विचारतात. कारण काय सांगायचं? सुनेला माहेरी धाडत नाहीत, हे? पंचांच्या स्वतःच्या घरात काय वेगळं होतं? बरं, सांगितलं तरी बोभाटा होणार तो सुनेच्याच नावाचा, की हिनंच कुठंतरी तक्रार केली असेल. गोपीकिशन तिथंच बसून राहिला. पोटात सकाळपासून दूध आणि चेरी. मी खाणावळीतून त्याच्यासाठी आणखी दूध आणलं. त्यानं ते हातात धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या गावात गेलो. गाव तसंच, वेस तशीच, कुंड्या त्याच. वेबरसाहेब म्हणाले, हे आधीच्या दोन्हींपेक्षा अगदी वेगळं आहे. आम्ही माना डोलावल्या. चर्चच्या बाजूला मोठं झाड होतं, त्याखाली लाकडी बाकं. दुपारी तिथं जेवायला बसलो. रविवार असल्यानं गावातले म्हातारे-म्हाताऱ्या नवे कपडे घालून आमच्या पगड्या बघायला गोळा झाले. आम्ही त्यांचं गाव बघायला गेलो होतो, आणि तेही आम्हाला फुकट बघत होते.

जुगलकिशोरनं डबा उघडला. सगळ्यांना पुऱ्या दिल्या. गोपीकिशनकडं वळून हात जोडण्यासाठी त्यांनी डबा बाकावर ठेवला.

गोपीकिशन उठला. जवळच्या नळावर त्यानं हात-पाय धुतले, धोतराला हात पुसले, परत आला आणि जुगलकिशोरच्या समोर मांडी घालून बसला. मग हात लांब करून त्यानं डब्यातली एक पुरी उचलली. लोणच्याची फोड घेतली. पुरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला.

हुकमचंदचा घास हातात राहिला. गोपीकिशन सावकाश खात होता, जसं सगळं तो सावकाश करायचा. पुरी संपली. त्यानं दुसरी घेतली.

"ब्याहीजी!" जुगलकिशोर म्हणाले. आवाज चिरकला होता. "हे काय करून राह्यले आप?"

गोपीकिशननं तोंडातला घास गिळला. "भूक लागली, जुगलकिशोरजी," तो म्हणाला. ब्याहीजी म्हणाला नाही. मग हात पुढं केला. "पानी द्या."

जुगलकिशोर जागचे हलले नाहीत. गोपीकिशननं सुरई स्वतःच उचलली, फिरकी काढली आणि वरून धार धरून घटघटा पाणी प्यायला. आमच्यातल्या प्रत्येकाला कळलं की काय झालं. चार साक्षीदारांसमोर, मुलीच्या बापानं मुलाच्या घरचं अन्न खाल्लं, पाणी प्यायलं. याचा अर्थ मुलगी त्या घरची नाही. एक शब्द न बोलता, कोणतंही कारण न सांगता, कोणाचं नाव न घेता सगाई तुटली होती.

आणि तेवढ्यात टाळ्या वाजल्या. वेबरसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते, आनंदानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. पाहुण्यांचं भांडण त्यांच्या देशात मिटलं होतं. त्यांनी गावकऱ्यांना काहीतरी सांगितलं, तसे म्हातारेही टाळ्या वाजवू लागले. एका म्हातारीनं येऊन गोपीकिशनच्या गालाला हात लावला. वेबरसाहेबांनी दोघांचे हात धरून एकमेकांत घातले आणि एजंटाला फोटो काढायला लावला. जुगलकिशोरच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं.

परतीच्या जहाजात ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. जालन्याला पंच बसले. बोलायचं काम जुगलकिशोरनं केलं. ते म्हणाले, "एक दिवस भूक न्हाई सोसली या मानसाला. दोन पुऱ्यांत लेकीची सगाई खाल्ली. असल्या भुक्कड घरची पोरगी मला नको." पंचांनी गोपीकिशनला विचारलं, काय म्हणणं आहे? तो हात जोडून म्हणाला, "बराबर हाय. भूक लागल्ती." नारळ परत गेला. जालन्यापासून पिंपळगावापर्यंत लोकांना वर्षभर पुरेल एवढी करमणूक झाली. पंगतीत त्याच्या ताटात वाढपी मुद्दाम दोन पुऱ्या जास्त टाकायचे आणि बाकीचे तोंडाला उपरणं लावायचे. सुगनबाईनं ठरलेल्या प्रायश्चित्तावर आणखी चार चढवली आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. भगवतीदेवी रडली. मनोरमाच्या तर बंगला, मोटार आणि हैदराबादला जाऊन परत आलेला मुलगा, असं सगळंच बापाच्या पोटात गेलं होतं. तिनं बापाला नको नको ते ऐकवलं.

दोन वर्षं तिला स्थळ आलं नाही. मग वाटूरच्या एका कापड दुकानातला मुलगा मिळाला. दुकान केवढं, तर गिऱ्हाईक आत आलं की मालकानं बाहेर उभं राहावं. ना बंगला, ना मोटार. लग्नात पुऱ्या कोणी केल्या नाहीत, लाडू केले.

त्याच्या पुढच्या साली मी बाजाराला गेलो होतो. गोपीकिशनच्या दुकानात गादीवर टेकलो, तो मनोरमाचा आवाज. माहेरपणाला आली होती, त्या महिन्यात दुसऱ्यांदा. एसटीनं यायचं, एसटीनं जायचं, सासूला वाटेल ते सांगून निघायचं, आणि इथं येऊन बापाशी भांडायचं. "जालन्याच्या बंगल्यात असते मी आज," ती तावातावानं म्हणत होती. "पर बाबूजीला भूक लागल्ती ना!" नोकर-चाकर गालात हसले. गोपीकिशन मान खाली घालून कापसाचा भाव लिहीत होता. ती पाय आपटत आत गेली.

माझा संयम सुटला. मी म्हटलं, "आता पुरे झालं. तुला जमत नसेल तर मी सांगतो पोरीला. सगळ्या गावाला सांगतो, त्या तळघरात काय ऐकलं ते. जुगलकिशोरचं नाव घेऊन सांगतो."

गोपीकिशननं माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्यानं माझा हात कधी धरला नव्हता.

"न्हाई, काकासाहेब," तो म्हणाला. "माझी सुटली. त्याच्या घरात कुनाची तरी लेक अजून हाय. तुम्ही बोलाल, आन् भोगंल ती."